मॉनिटरची वायर काढा, मग डिस्क तपासा

परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा मावसभाऊ जिंतूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून दादा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर, तो माझ्यापेक्षा वेगानं काम करतो. त्याच्या कानाला लागलेला बोलण्याचा वेग मला अजून समजत नाही.

एका जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर त्याचा लॅपटॉप बसला. विंडोज अर्ध्यावर यायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून चालू व्हायचं. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला विंडोजची डिस्क बनवून दिली होती, "असू दे, कधी लागली तर" म्हणून. ती त्याच्या कपाटातच होती. तरी तो एसटीनं परभणीला आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन. दुकानात बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "डिस्क माझ्या कपाटात, लॅपटॉप माझ्या मांडीवर, हात माझे धड. मग मी एवढ्या उन्हात एसटीत कशाला बसायलो, सांग बरं?"

मला उत्तर देता आलं नाही. डिस्क घालून मशीन चालू केलं की पडद्यावर जे यायचं ते त्याच्यासाठी येतच नव्हतं. मी त्याला डिस्क दिली होती, पण ती मुकी होती. त्या दिवसापासून मी बनवत असलेल्या डिस्क आणि पेनड्राइव्ह बदलले. काय बदललं ते इथं लिहितो. दुकानदार, भाऊ-बहीण, शाळेतले संगणक शिक्षक, जे कोणी न दिसणाऱ्या माणसाला अशी डिस्क बनवून देतात त्यांच्यासाठी हे आहे. स्वतःची मशीन स्वतः उभी करायची आहे अशा दृष्टिहीन वाचकांसाठी तर आहेच. हे लेखन बरेच जण ऐकून वाचतील, म्हणून कमांड मी दादाला फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात.

आधी शांतता कुठं कुठं आहे ते ओळखा

स्क्रीन रीडर हाही एक प्रोग्रॅमच. त्याला चालायला खाली ऑपरेटिंग सिस्टिम लागते आणि ध्वनीचा ड्रायव्हर लागतो. बटण दाबल्यापासून ते दोन्ही जागे होईपर्यंत मशीन बोलू शकत नाही. या काळात तीन थांबे येतात. पहिला बायोसचा, म्हणजे आजच्या भाषेत यूईएफआयचा: कुठून चालू व्हायचं ते तिथं ठरतं. दुसरा डिस्कवरचा बूट मेनू: काय सुरू करायचं ते तिथं निवडायचं. तिसरा इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टिम मशीनवर बसवणारा प्रोग्रॅम. पहिल्या थांब्याला आवाज देणं आपल्या हातात नाही, पण तो आधीच मिटवून ठेवता येतो. दुसऱ्याला निदान शिट्टी देता येते. तिसऱ्याला पूर्ण वाचा देता येते, फक्त सिस्टिम नीट निवडायला हवी.

निवड: मी डेबियन का देतो

दादाचा लॅपटॉप जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती त्यात नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करावाच लागला. पण माझं खरं कारण वेगळं आहे. डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार. त्याचा इन्स्टॉलर पहिल्या प्रश्नापासून बोलतो आणि २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ पासून बोलतोय. सॅम्युएल थिबो यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं हे काम सांभाळतात. ही सोय मागून चिकटवलेली नाही, नेहमीच्या अधिकृत डिस्कमध्येच आहे. वेगळी 'अंधांसाठीची' डिस्क शोधावी लागत नाही. मला हे फार मोठं वाटतं: दादाला मिळते तीच डिस्क मला मिळते.

ती चालते अशी. बूट मेनू तयार झाला की मशीन बीप देतं. जुन्या बायोसवर एकदा, यूईएफआयवर दोनदा. बीप ऐकली की एस दाबायचा आणि एंटर. थोडा वेळ थांबलं की बोलणं सुरू होतं. काहीच दाबलं नाही तर अलीकडच्या आवृत्त्यांत सुमारे ३० सेकंदांनी बोलणारा इन्स्टॉलर आपोआप सुरू होतो. म्हणजे बीप ऐकू आली नाही तरी घाबरून उलटसुलट कळा दाबायच्या नाहीत. स्वस्थ बसायचं. दादाला हेच शिकायला सगळ्यात जड गेलं, कारण शांत मशीनसमोर स्वस्थ बसणं अवघड असतं.

पुढची पायरी बहुतेक लोकांना माहीत नसते आणि तिथंच घोळ होतो. मशीनमध्ये ध्वनीची एकापेक्षा जास्त कार्डं असू शकतात. लॅपटॉपचा स्पीकर एक, एचडीएमआयमधून टीव्हीकडं जाणारा आवाज दुसरा. इन्स्टॉलर एकेका कार्डावर बोलून बघतो आणि आवाज ऐकू आला की एंटर दाबा असं सांगतो. जो आवाज कुठंच ऐकू येत नाही त्याच्यावर एंटर दाबलं तर पुढचं सगळं बोलणं एचडीएमआयच्या तारेत जातं. म्हणून नियम एकच: स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय एंटर नाही.

बोलण्याचा वेग सुरुवातीला संथ असतो. कॅप्सलॉक धरून ६ दाबलं की वाढतो, ५ दाबलं की कमी होतो. आवाज मोठा करायला कॅप्सलॉक आणि २, लहान करायला कॅप्सलॉक आणि १. मागच्या प्रश्नावर जायचं असेल तर 'पेक्षा लहान' चं चिन्ह टाइप करून एंटर. उत्तर रिकामं ठेवायचं असेल तर उद्गारचिन्ह आणि एंटर. या सात-आठ कळा मी दादाला तोंडपाठ करायला लावल्या. पाढ्यांसारख्या.

भाषेचा पहिला प्रश्न इंग्रजीतच येतो. मी इन्स्टॉलेशनपुरती इंग्रजी ठेवायला सांगतो, कारण अडलं तर फोनवर दोघांना एकच शब्द सापडतो. मराठीत वाचणारा ईस्पीक एनजीचा आवाज नंतर मिळतोच.

आणखी एक. बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या ध्वनीला आणि वायफायला फर्मवेअर नावाची वेगळी फाइल लागते. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती अधिकृत डिस्कमध्येच असते. त्याआधीची डिस्क कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ती देऊ नका. आणि तरीही आवाज आला नाही तर? साधा यूएसबी हेडफोन जोडा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. असा एक हेडफोन मी आता प्रत्येक पेनड्राइव्हसोबत देतो.

डीव्हीडी की पेनड्राइव्ह

याबाबत माझं आणि दादाचं मत वेगळं होतं. मी पेनड्राइव्ह म्हणायचो. तो म्हणाला, "डीव्हीडी ड्राइव्हची मोटर फिरलेली मला ऐकू येती. ती फिरायली म्हणजे मशीन डिस्क वाचायली. पेनड्राइव्हचा दिवा लागला काय, विझला काय, मला काय?" बरोबर आहे त्याचं. ज्यांच्या मशीनला डीव्हीडी ड्राइव्ह आहे त्यांना डेबियनची डीव्हीडीच द्या, कारण मोटरचा आवाज ही फुकट मिळालेली खूण आहे. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. विंडोज ११ ची फाइल त्याहून मोठी झाली आहे, तिला पेनड्राइव्हच लागतो, निदान ८ जीबीचा.

बनवण्याआधी उतरवलेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, पडताळून घ्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल, स्पेस, डॅश हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए२५६ असं दिलं की एक लांब आकडा मिळतो. तो वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. दिसणाऱ्या माणसाच्या मशीनवर खराब डिस्क अडकली तर पडद्यावर काहीतरी लिहून येतं. दादाच्या मशीनवर फक्त बोलणं थांबतं. बिघाड आणि नेहमीची शांतता यांतला फरक त्याला कळायचा कसा?

पेनड्राइव्ह बनवायला रूफस हा विंडोजवरचा प्रोग्रॅम वापरतो. एनव्हीडीए त्याचे पर्याय वाचतं, त्यामुळे दादा आता स्वतः बनवतो. लिनक्सवर डीडी ही कमांड आहे, पण आधी एलएसबीएलके ही कमांड देऊन कोणता ड्राइव्ह किती जीबीचा ते ऐकून घ्यायचं. चुकीच्या ड्राइव्हवर डीडी चालवलं तर त्यावरचं गेलं, परत मिळत नाही. मी तर डीडी चालवताना बाकीची बाहेरची हार्डडिस्क वगैरे सगळं काढून ठेवायला सांगतो.

बूट मेनूला स्वतःची शिट्टी

यूईएफआय मशीनसाठी एक सोपी वाट आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि डेबियनच्या आयएसओतल्या सगळ्या फाइली त्यावर जशाच्या तशा कॉपी करायच्या. मग बूट फोल्डरच्या आत ग्रब फोल्डर (ग्रब म्हणजे बूट मेनू दाखवणारा प्रोग्रॅम), त्यात ग्रब डॉट सीएफजी नावाची साधी टेक्स्ट फाइल, ती उघडता येते आणि बदलता येते. मी त्यात तीन गोष्टी करतो.

पहिली, ज्या नोंदीनं इन्स्टॉलर सुरू होतो तिच्या लिनक्स शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीत स्पीकअप डॉट सिंथ बरोबर सॉफ्ट, एवढं जोडतो. बरोबर म्हणजे बरोबरचं चिन्ह. यानं ती नोंद बोलणारी होते. दुसरी, त्याच नोंदीला डीफॉल्ट करतो आणि टाइमआउट १० सेकंदांवर ठेवतो, म्हणजे कुठलीही कळ न दाबता मशीन बोलू लागतं. तिसरी, प्ले ही कमांड. प्लेनंतर पहिला आकडा म्हणजे मिनिटाला किती ठोके, आणि त्यापुढं जोड्या: स्वराची उंची आणि किती ठोके वाजवायचा. प्ले ४८० ४४० १ ६६० १ ८८० १ असं लिहिलं की चढत जाणारे तीन स्वर वाजतात. फाइलीत हे सगळे आकडे इंग्रजीच टाकायचे. डेबियनची बीप आणि आपली शिट्टी वेगळी असली की दादाला कळतं, हा माझा पेनड्राइव्ह आहे.

डेबियन बसवून झाल्यावर हेच मशीनवरही करता येतं. ईटीसी फोल्डरमध्ये डीफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. तिच्यात ग्रब अंडरस्कोर इनिट अंडरस्कोर ट्यून अशी ओळ आधीच असते, पुढं हॅशचं चिन्ह लावून बंद केलेली. तो हॅश काढायचा आणि सुडो अपडेट-ग्रब चालवायचं. मग मशीन रोज चालू होताना एक स्वर वाजवतं.

एक अडचण आहे. ही शिट्टी मशीनच्या आतल्या जुन्या बीपरवर वाजते आणि कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये तो बीपरच नसतो. तिथं मी घड्याळ वापरतो. दुकानात तेच मशीन तीन-चारदा चालू करून बटण दाबल्यापासून किती सेकंदांनी मेनू येतो आणि किती सेकंदांनी बोलणं सुरू होतं ते मोजतो आणि सोबत देतो. "५० पर्यंत मोज. त्याच्या आत काही ऐकू आलं नाही तरच मला फोन कर." एवढ्या एका आकड्यानं माणूस निर्धास्त होतो.

बायोसचा थांबा आधीच मिटवा

हे काम मशीन धड असताना, त्या माणसाला शेजारी बसवून करायचं. बूट क्रमात यूएसबी पहिला, डीव्हीडी दुसरी, हार्डडिस्क तिसरी. एकदा केलं की पुढं बायोसमध्ये जायचं कामच नाही: पेनड्राइव्ह लावला तर त्यावरून चालू, नाही लावला तर नेहमीसारखं. फास्ट बूट नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा, त्यामुळे काही मशीन यूएसबीकडं बघतच नाहीत. सिक्युअर बूट मात्र बंद करायची गरज नाही, २०१९ च्या डेबियन १० पासून ते चालतं. पण ग्रब डॉट सीएफजी बदललेल्या पेनड्राइव्हची एकदा त्याच मशीनवर खात्री करून घ्या.

मशीन चालू आहे आणि फक्त एकदाच पेनड्राइव्हवरून जायचं आहे, तर स्क्रीन रीडर बोलत असतानाच सांगून ठेवता येतं. लिनक्सवर ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवली की स्क्रीन रीडर बूटच्या नोंदी वाचून दाखवतो. पेनड्राइव्हच्या नोंदीचा चार आकडी क्रमांक लक्षात ठेवायचा आणि सुडो ईएफआयबूटएमजीआर डॅश एन, मग तो क्रमांक. एन लहान लिपीतला. पुढची एक वेळ मशीन तिथूनच चालू होतं. विंडोजवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट स्लॅश एनम फर्मवेअर यानं नोंदी मिळतात. मग बीसीडीएडिट स्लॅश सेट, महिरपी कंसात एफडब्ल्यूबूटएमजीआर, मग बूटसिक्वेन्स, मग नोंदीची महिरपी कंसातली ओळख. ती ओळख लांबलचक असते, हातानं टाइप करू नका, कॉपी करा.

मशीन पार बसलं असेल आणि क्रमही लावलेला नसेल तर बूट मेनूची कळ: एचपीवर बहुधा एफ९, डेल आणि लेनोवोवर एफ१२, असुसवर एस्केप. पुढचा मेनू मुका. तिथं फोनचा कॅमेरा धरून लुकआउटसारख्या अ‍ॅपकडून वाचून घेता येतं, किंवा बी माय आइज वर एखादा स्वयंसेवक बघून सांगतो. दादाला मी कॅमेऱ्याचं अंतर शिकवलं: कोपर टेबलावर टेकवायचं, फोन की-बोर्डच्या पुढच्या कडेच्या वर धरायचा.

विंडोजच द्यायचं असेल तर

विंडोजच्या सेटअपमध्ये नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतो. मेनू आल्यावर, म्हणजे मिनिट-दोन मिनिटं थांबून, विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबायचं. ध्वनीचा ड्रायव्हर सेटअपमध्ये असेल तर बोलतो, नसेल तर शांत. हा जुगार मी कुणाच्या गळ्यात बांधत नाही. विंडोज चालू असेल तर पेनड्राइव्ह आतूनच उघडून सेटअप चालवावा, म्हणजे सुरुवातीचे प्रश्न एनव्हीडीए वाचतं. नंतर मशीन पुन्हा चालू होऊन नावगाव विचारतं तिथं त्याच तीन कळांनी नॅरेटर येतो. विभाजनाच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, पडद्यावर मात्र कुणी दिसणारं शेजारी असू द्या.

फक्त फाइली वाचवायच्या असतील तर इन्स्टॉल करायचीही गरज नाही. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा लाइव्ह, म्हणजे न बसवता चालणारा, पेनड्राइव्ह लावा, डेस्कटॉप आल्यावर ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस एकत्र दाबा. ऑर्का हा लिनक्सचा स्क्रीन रीडर बोलू लागतो.

आता खरी परीक्षा

डिस्क तयार झाली की मॉनिटरची वायर काढा. लॅपटॉप असेल तर पडद्यावर टॉवेल टाका. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न बघता, एका रिकाम्या मशीनवर पूर्ण इन्स्टॉल करा. दुकानात हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा विभाजनापाशी अडकलो. मी प्रत्येक प्रश्नाला एंटर मारत चाललो होतो, कारण एंटर म्हणजे सुचवलेलं उत्तर मान्य. पण 'डिस्कवर बदल लिहायचे का' या प्रश्नाला सुचवलेलं उत्तर 'नाही' असतं. त्यामुळे मी पुन्हा पुन्हा मागं येत राहिलो. तिथं 'हो' चा क्रमांक टाइप करूनच एंटर मारावं लागतं. पडद्याकडं बघून मी हेच शेकडो वेळा केलं असेल, कधी लक्षातही आलं नव्हतं. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, वर पंखा फिरत होता, आणि मी कान देऊन ऐकत होतो. दीड तास गेला. दादा असाच रोज काम करतो.

मग तेच मी बायकोला करायला लावलं, तिला फक्त माझी सूचनांची ध्वनिफीत देऊन. ती जिथं जिथं अडली तिथं सूचना सुधारली. ध्वनिफीत फोनवरच ठेवा, कारण मशीन बंद असताना मशीनमधली फाइल काय कामाची?

खुणा करायला विसरू नका. डीव्हीडीच्या डबीवर ब्रेल चिठ्ठी: दादा ती स्लेटवर स्वतः टोचतो. डिस्कवर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. पेनड्राइव्हला दोरा: डेबियनला एक गाठ, विंडोजला दोन, लाइव्हला तीन.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत दादानं त्याच्या शेजारच्या गावातल्या एका दृष्टिहीन पोराचा लॅपटॉप स्वतः उभा केला, एक गाठीच्या पेनड्राइव्हवरून. मला फोन आला तो काम झाल्यावर. म्हणाला, "सगळं बरोबर झालं, पण तुझा तिसरा स्वर लई बारीक आहे. पोराच्या घरी कूलर चालू होता, तेवढा ऐकू येईना." मी त्याच संध्याकाळी फाइल बदलली. तिसरा स्वर ८८० वरून ५५० वर आणला आणि तो एक ठोक्याऐवजी तीन ठोके ठेवला. आता नवे पेनड्राइव्ह तसेच जातात.